पिणाऱ्याच्या नकळत

नाशिकमधल्या तिच्या शाळेच्या बसथांब्यासमोर एका कंपाउंडच्या भिंतीवर पिवळ्या रंगात ती जाहिरात कित्येक वर्षं होती. 'दारू सोडवा, पिणाऱ्याच्या नकळत.' खाली दोन मोबाइल नंबर. सहावीच्या मुलांना मराठी शिकवणाऱ्या तिला 'नकळत' हा शब्द एरवी फार आवडायचा. कवितेतला शब्द. तो असा भिंतीवर, मुताऱ्यांच्या शेजारी रंगवलेला बघून तिला सुरुवातीला हसू यायचं. पुढे पुढे बस येईपर्यंत ती तो नंबर मनात पाठ करू लागली.

तिचे यजमान सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. वय सत्तेचाळीस. पगार जसाच्या तसा घरी येई. शिवीगाळ नाही, मारहाण नाही. त्यामुळे तक्रार करायची तर कोणाकडे आणि कशाची, हाच प्रश्न होता. शेजारीण नवऱ्याच्या हातचा मार खाऊन यायची आणि हिच्याच स्वयंपाकघरात बसून रडायची. तिच्यापुढे 'माझ्याकडेही आहे' असं कसं म्हणायचं? रात्री साडेआठला एक क्वार्टर, मग जेवण, मग झोप. लग्नाला वीस वर्षं होत आली तोवर हे असंच चाललं होतं.

एप्रिल २०२१ मध्ये धाकटा दीर करोनात गेला. खाटेसाठी थोरला भाऊ रात्रभर त्याला गाडीत घेऊन या रुग्णालयातून त्या रुग्णालयात फिरला होता. त्या रात्रीबद्दल तो घरात कधीही बोलला नाही. वर्षभरात क्वार्टरची हाफ झाली. सकाळी चहाचा कप बशीवर वाजायला लागला. मग एके दिवशी तिला न्हाणीघरात, गीझरच्या मागे, एक बाटली सापडली. सकाळी सहा वाजता, दात घासण्याआधी दोन घोट घेतले की हात थांबत होते.

सासूबाईंनी माळ घालायला लावली. आषाढीला तुळशीची माळ गळ्यात आली आणि चार महिने घरात दारू आली नाही. माळेनं सुटलेली माणसं महाराष्ट्रात गावोगावी आहेत, त्यात खोटं काही नाही. पण नीट पाहिलं तर अशा माणसाभोवती दिंडी असते, हरिपाठ असतो, रोज संध्याकाळी वाट बघणारे चार टाळकरी असतात. यांच्याभोवती होती फक्त दोन खोल्या आणि भिंतीवर हार घातलेला भावाचा फोटो. दिवाळीच्या पाडव्याला त्यांनी माळ स्वतःच्या हातानं काढून देवघरात ठेवली. म्हणाले, "आई, गळ्यात माळ ठेवून पिणं माझ्याच्यानं होणार नाही." त्या रात्री ते प्यायले. माणूस अप्रामाणिक नव्हता, एवढं त्या दिवशी तिला पुन्हा कळलं. त्याचा तेव्हा काही उपयोग मात्र झाला नाही.

नेहमीच्या डॉक्टरांनी यकृताचं टॉनिक लिहून दिलं आणि तिला बाजूला घेऊन सांगितलं, "वहिनी, तुम्हीच जरा गोडीगुलाबीनं घ्या." म्हणजे काय घ्यायचं, हे सांगितलं नाही. विवाह समुपदेशन करणाऱ्या एका बाईंकडे ती एकटीच गेली. त्यांनी पाऊण तास ऐकून घेतलं आणि घरात वातावरण आनंदी ठेवा, असा सल्ला दिला. पाचशे रुपये देऊन बाहेर पडल्यावर ती रिक्षात बसून रडली. तिचं माहेर भोपाळचं, तिथून भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, सरळ उचलून नेणारी केंद्रं असतात. रात्री गाडी येते, चार जण येतात. तुला काही करावं लागत नाही."

असं एक केंद्र ती बघायलाही गेली. शहराबाहेर, शेडसारखी इमारत, कुलूपबंद जाळीचं दार. आत ओळीनं बसलेली माणसं, बहुतेकांचे केस एकसारखे बारीक कापलेले. तिनं विचारलं, डॉक्टर कधी येतात? "येतात की." किती वेळा? "लागेल तसं." पेशंटशी फोनवर बोलता येईल का? "तीन महिने नाही. घरच्यांचं प्रेमच त्यांना बिघडवतं, मॅडम." दाराजवळ बसलेल्या एका पोरसवदा माणसानं तिच्याकडे असं पाहिलं, की ती आगाऊ रक्कम न भरताच परत फिरली. वाटेत तिला स्वतःची लाजही वाटली, कारण क्षणभर तो सौदा तिला पटला होता. 'तुला काही करावं लागत नाही' यातली सुटका किती मोठी असते, ते ज्याच्या घरी हे दुखणं आहे त्यालाच कळेल.

तिला तेव्हा माहीत नव्हतं, पण कायदा इथं पुष्कळ स्पष्ट आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू झाला. त्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित विकार धरले आहेत. मानसिक आजारावर उपचार करणाऱ्या संस्थेला नोंदणी लागते. माणसाला साखळीनं बांधायला सक्त मनाई आहे. इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर त्याला ठरलेल्या अटी आणि ठरलेली पद्धत आहे. चार जणांनी रात्री येऊन उचलून नेणं त्यात कुठेही बसत नाही. चांगली केंद्रं आपल्याकडे नाहीत असंही नाही. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये 'मुक्तांगण' सुरू केलं, त्याच्या उभारणीला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी देणगी दिली, हे मराठी वाचकाला सांगायला नको. चेन्नईला शांती रंगनाथन यांनी १९८० मध्ये व्यसनमुक्तीचं रुग्णालय काढलं ते स्वतःचा नवरा दारूपायी गेल्यानंतर. या दोन्ही ठिकाणी घरच्यांना आत घेतलं, त्यांनाही समोर बसवलं. जाळीचं दार लावून त्यांना बाहेर ठेवलं नाही. नवीन जागा पाहताना पारखायची गोष्ट हीच.

तिनं मात्र पारखलं नाही. ती दमली होती. ओळखीच्या केमिस्टकडे शब्द टाकला आणि चिठ्ठीशिवाय एक गोळ्यांची पट्टी मिळाली. "वरणात घाला, चव लागत नाही," त्यानं सांगितलं. "प्यायला की जरा मळमळेल, चार दिवसांत सोडून देईल."

ही गोळी म्हणजे डायसल्फिराम. तिचा हा गुण डेन्मार्कमधल्या संशोधकांना १९४० च्या दशकात कळला. शरीरात दारूचं आधी एका विषारी द्रव्यात रूपांतर होतं आणि मग ते द्रव्यही मोडलं जातं. ही गोळी नेमकी ती दुसरी पायरी अडवते. गोळी पोटात असताना दारू घेतली की ते विष अंगात साचतं. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब खाली येतो. क्वचित माणूस दगावतोही. म्हणूनच यकृताची आणि हृदयाची तपासणी करून, माणसाला सगळं समजावून आणि त्याच्या संमतीनंच ती द्यायची असते. शेवटच्या गोळीनंतरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. यातलं अक्षरही पट्टी देताना कोणी बोललं नाही, आणि तिनं विचारलं नाही.

चार दिवस तिनं खलबत्त्यात गोळी कुटून वरणात घातली. त्यांचं वरण वेगळ्या वाटीत काढायची. मुलानं चुकून ती वाटी ओढली तेव्हा तिनं एवढ्या जोरात हात मारला, की तो नववीतला मुलगा घाबरून बघतच राहिला. त्या चार दिवसांत ते नेहमीपेक्षा कमी प्यायले, उलट्याही झाल्या. त्यांनी पित्त म्हणून सोडा घेतला. पाचव्या रात्री मात्र मित्राच्या मुलीच्या साखरपुड्याहून पिऊन आले आणि सोफ्यावरून खाली घसरले. चेहरा विटेसारखा लाल, ओठ पांढरे, श्वास लागलेला. मुलानं आणि शेजाऱ्यांनी रिक्षात घातलं.

रुग्णालयात रात्रपाळीच्या डॉक्टरांनी तिला विचारलं, "कुठली गोळी चालू आहे का?"

ती म्हणाली, "नाही."

सलाइन, ऑक्सिजन, दर तासाला रक्तदाब. ती बाकावर बसून होती, पदरात हात गुंडाळून. पहाटेपर्यंत रक्तदाब सावरला. दोन दिवसांनी घरी सोडलं. ईसीजी चांगला आला होता, पण यजमानांना ते पटलं नव्हतं. गोळ्यांची उरलेली पट्टी तिनं मोरीत रिकामी केली आणि वर बादलीभर पाणी ओतलं.

त्यानंतर तिच्या हातचं वरण तिलाच खाववेना. रात्री दोनला जाग यायची आणि तो 'नाही' ऐकू यायचा. शाळेच्या नोटीसबोर्डवर दहावीच्या मुलांसाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक लावला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं सुरू केलेली ही सेवा चोवीस तास आणि फुकट, मराठीतही मिळते. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत जाऊन, दार लोटून तिनं फोन लावला. "नवऱ्याची दारू सोडवायची आहे," एवढंच बोलायचं असं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "माझ्या हातून एक चूक झाली आहे."

पलीकडच्या बाईंनी आधी ते आता ठीक आहेत ना, ते विचारलं. मग शहर विचारून जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाची माहिती दिली. आणि मग विचारलं, "ताई, तुमची झोप कशी आहे?" दोन वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता.

यजमान जायला तयार झाले ते दारूसाठी नाही. आपल्याला हृदयविकार आहे, डॉक्टर आणि बायको दोघं मिळून लपवत आहेत, अशी त्यांची खात्री झाली होती. त्यांना रात्री झोप येत नव्हती. म्हणून ते जास्त पीत होते. विम्याचे कागद त्यांनी कपाटात वरच्या कप्प्यात आणून ठेवले होते, तेही तिच्या नकळत.

मानसोपचार विभागासमोर लांबलचक रांग होती. रांगेत उभं राहणारे हे लोक खरं तर मोजकेच. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दिल्लीच्या एम्सनं केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ माणसांतला एकच कुठल्याही उपचारांपर्यंत पोहोचला होता. उरलेले सदतीस माळ, टॉनिक, वाटीतलं वरण आणि जाळीचं दार यांच्या आसपास असणार.

डॉक्टर तरुण होते. प्रश्न यजमानांना विचारला, की सवयीनं ती उत्तर द्यायची. दोनदा झाल्यावर ते हसून म्हणाले, "वहिनी, तुमचं ऐकणारच आहे. आधी यांना बोलू द्या." किती पिता, कधीपासून, सकाळी घेतली नाही तर काय होतं, सलग दोन दिवस शेवटचं कधी थांबला होता. चोरी पकडण्याचा सूर त्यात नव्हता. यजमान खालच्या आवाजात का होईना, खरं बोलले. उद्यापासून एकदम बंद करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं तेव्हा दोघंही चमकले. सकाळी हात थरथरण्यापर्यंत गेलेल्या माणसानं घरच्या घरी एकाएकी दारू थांबवली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात, ते जिवावरही बेतू शकतं. म्हणून आठवडाभर दाखल करून, औषधं आणि बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊन ती उतरवली. एवढ्यानं व्यसन सुटत नाही, फक्त अंग कोरडं होतं, हेही त्यांनी आधीच सांगितलं.

भावाचा विषय निघाला तेव्हा यजमान खिडकीकडे बघू लागले. उदासीनतेवर लगेच गोळी दिली नाही. दारूनंही मन काळवंडतं. ती बंद झाल्यावर काही आठवड्यांत किती उजाडतं ते पाहू, उरेल त्यावर उपचार करू, असं ठरलं. महिनाभरानंतर पुष्कळच उरलं होतं. मग गोळी सुरू झाली. दारू आणि मन या दोन्हींकडे एकाच जागी बघणारा माणूस भेटला, हे त्यांचं नशीब म्हणायचं. नाहीतर मनाचे डॉक्टर म्हणतात आधी दारू सोडून या, आणि दारू सोडवणारे म्हणतात मनाबिनाचं काही नसतं.

डॉक्टरांनी बोलण्यासाठी एका चिकित्सा मानसशास्त्रज्ञांचं नाव सुचवलं. आठवड्यातून एकदा, शनिवारी. या वेळी मात्र ती वहीत प्रश्न लिहूनच गेली. शिक्षण काय, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, व्यसनाचे रुग्ण पाहिले आहेत का, डॉक्टरांशी बोलून घेणार का, ते पुन्हा प्यायले तर तुम्ही काय कराल. समोरची मुलगी तिशीची असेल. तिला या परीक्षेचा राग आला नाही. कोणी रागावलंच, तर तिथून उठलेलं बरं. नोंदणीचा क्रमांक तिनं स्वतःच दाखवला. शेवटच्या प्रश्नाला म्हणाली, "प्यायले तर त्याच आठवड्यात या म्हणून सांगीन. न पिताच यायचं असतं तर माझी गरज काय?"

"ही पोरगी मला शिकवणार?" यजमान घरी येऊन म्हणाले. पण ती शिकवत नव्हतीच. दारूचं चांगलं काय वाटतं, असं तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. माणसाला उपदेश न करता त्याची स्वतःची कारणं त्याच्याच तोंडून येऊ द्यायची, ही पद्धत विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८३ मध्ये मांडली. नाशिकच्या त्या लहानशा खोलीत तिचा परिणाम असा झाला, की एप्रिलमधल्या त्या रात्रीबद्दल तो माणूस पहिल्यांदा बोलला. गाडीत मागच्या सीटवर भाऊ "दादा, घरी चल" म्हणत होता आणि यांनी त्याला रागावून गप्प केलं होतं.

सहाव्या शनिवारी दोघांना एकत्र बोलावलं. मुलगी सहज म्हणाली, "घरात एकमेकांपासून काय काय लपवलं जातं, ते आज बोलूया का?" यजमानांनी गीझरमागची बाटली सांगितली, जी तिला माहीत होती. विम्याचे कागद सांगितले, जे माहीत नव्हते. मग खोली गप्प झाली. पंख्याचा आवाज येत होता.

तिनं वरणाचं सांगितलं. खलबत्ता, वेगळी वाटी, आणि रात्रपाळीच्या डॉक्टरांना दिलेलं उत्तरही.

यजमान बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे माझं हृदय चांगलं आहे?"

मानसशास्त्रज्ञ मुलीलाही काय बोलावं कळेना. ती रडत होती आणि त्याच वेळी तिला हसू फुटत होतं. मग ते उठले आणि एकटेच निघून गेले. त्या रात्री प्यायले. आठ दिवस बैठकीत झोपले, आणि तिच्या हातचं काही खाल्लं नाही. सासूबाईंनी विचारलं तर म्हणायचे, पोट बरं नाही. तिनंही बाजू मांडली नाही. मांडण्यासारखी होती, तरी. पुढच्या शनिवारी मात्र ते तिला न सांगता वेळेवर त्या खोलीत हजर होते. तिथं काय बोलले ते तिला आजही माहीत नाही, आणि आता ती विचारत नाही. तिला स्वतःसाठी बुधवारची वेळ मिळाली होती. तिथलं ती त्यांना सांगत नाही.

त्यानंतर एकदा गणपतीत, एकदा भावाच्या वर्षश्राद्धाला, असे ते दोनदा घसरले. दुसऱ्या वेळी मुलानंच त्यांना स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं. "बाबा, चला, शनिवार नाही, तरी चला."

त्या खेपेला डॉक्टरांनी आणखी एक औषध सुचवलं. सगळं समजावून सांगितलं, रक्त तपासलं, ईसीजी पुन्हा काढला, कागदावर सही घेतली. खोकल्याच्या काही औषधांतही अल्कोहोल असतं, तेवढ्यानंही त्रास होईल, हे बजावलं. खिशात ठेवायला एक कार्ड दिलं: ही गोळी चालू आहे, असं लिहिलेलं. रोज सकाळी घरातल्या कोणासमोर तरी घ्या, म्हणाले. पण कोणासमोर ते तुम्ही ठरवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर सगळे होते. सासूबाई पोथी बाजूला ठेवून बघत होत्या, मुलाच्या हातात डबा होता. यजमानांनी पट्टी तिच्यासमोर सरकवली. तिनं एक गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती उजेडात धरून नीट पाहिली.

"हीच का?"

"हीच."

त्यांनी पाण्याचा पेला उचलला. कप बशीवर वाजत नव्हता, हे सासूबाईंच्या आधी लक्षात आलं.